पहिल्या दिवसाचे मोल



काही महिन्यांपूर्वी रात्री उशिरा बंगळुरूहून माझ्या भाच्याचा फोन आला. वय सत्तावीस, संगणक क्षेत्रात नोकरी, रविवारच्या उपासनेला नियमित जाणारा मुलगा. "मामा, झोपला होतात का?" असे विचारून तो थोडा वेळ गप्पच राहिला. मग एकेक गोष्ट बाहेर आली.

एक नवा संगणकीय खेळ बाजारात येणार होता. जादूगार, राक्षस, उजाड किल्ले आणि घनदाट अरण्ये यांनी भरलेले एक कल्पित जग, आणि त्यात जगभरातील हजारो माणसे एकाच वेळी वावरणार. भाच्याने त्याची दोन वर्षे वाट पाहिली होती व पैसेही आगाऊ भरले होते. त्याच्या कॉलेजातील तीन मित्र आता तीन वेगवेगळ्या शहरांत राहतात. चौघांनी ठरविले होते की, पहिल्याच दिवशी, पहिल्याच घटकेला आपण एकत्र त्या जगात पाऊल टाकायचे. परंतु तो दिवस कामाचा निघाला. भाच्याने कचेरीत "ताप आला आहे" असे कळविले आणि सकाळपासून संगणकासमोर बसला. गर्दी इतकी की सर्व्हरला ती पेलवेना. पडद्यावर रांगेतील त्याचा क्रमांक तेवढा दिसत राहिला. संध्याकाळी आत प्रवेश मिळाला. दुसऱ्या दिवशी त्याला कळले की, त्याच्या वाट्याचे काम त्याच्या एका सहकारी भगिनीने रात्री दहापर्यंत थांबून पुरे केले होते. तिच्या घरी लहान मूल आहे. आणि तिनेच त्याला संदेश पाठविला होता, "आता बरे वाटते आहे का?"

"मामा, खोटे बोललो हे पाप, ते मला कळते," तो म्हणाला. "पण समजा, मी खरे सांगून रजा घेतली असती, तर बाकी सगळे ठीक होते का? की त्या एका दिवसासाठी एवढे वेडे होण्यातच काही चुकत होते?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. पण प्रश्न मनातून जाईना. तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

अशा प्रश्नाला आपल्या मंडळ्यांमध्ये दोन सोपी उत्तरे तयार असतात. पहिले असे की, राक्षस आणि जादूटोणा यांचे खेळ हे सैतानाचे काम. विश्वासणाऱ्याने त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. दुसरे असे की, तो केवळ खेळ आहे. त्यात धर्म आणि नीती कशाला आणायची? ही दोन्ही उत्तरे प्रश्नाला भिडत नाहीत, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते.

पहिल्या उत्तराबद्दल एवढेच सांगतो की, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळापासून एक कल्पित प्रवासकथा वाचली गेली आहे. जॉन बन्यन याने ती 1678 साली प्रसिद्ध केली आणि 1841 साली हरि केशवजी यांनी ती 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणली. तीत राक्षस आहे, पंख असलेला भयंकर शत्रू आहे, तलवारीची झुंज आहे, निराशेचा किल्ला आहे. बन्यनच्या मित्रांमध्येही त्या काळी मतभेद झाले होते. असले पुस्तक छापू नये असे काहींचे म्हणणे होते, आणि त्या आक्षेपांना त्याने प्रस्तावनेत पद्यातून उत्तर दिले आहे. पुढे 1939 साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथे दिलेल्या व्याख्यानात जे. आर. आर. टोल्किन या कॅथलिक लेखकाने हाच विचार अधिक खोल नेला. मनुष्य निर्माणकर्त्याच्या प्रतिमेत घडविला गेला आहे, म्हणून त्यालाही काही घडवावेसे वाटते. कल्पित जग रचणे हे त्या प्रतिमेचेच एक चिन्ह होय, असे त्याचे प्रतिपादन होते. आजच्या या खेळांतील बुटके, एल्फ आणि ऑर्क यांची वंशावळ बव्हंशी टोल्किनपर्यंतच पोहोचते. तेव्हा कल्पित जगात पाऊल टाकणे हेच पाप, असे म्हणणे मला तरी धजत नाही.

दुसऱ्या उत्तराबद्दल असे की, "केवळ खेळ" म्हणताना आपण खेळणाऱ्या माणसांना विसरतो. पडद्यावरील राक्षस खोटा असेल, पण त्याच्यासमोर खांद्याला खांदा लावून उभे असलेले चार मित्र खरे आहेत. त्यांनी दिलेला शब्द खरा आहे. त्यांचा वेळ खरा आहे. आणि रात्री दहापर्यंत कचेरीत थांबलेली ती भगिनीही खरी आहे. जेथे खरी माणसे आहेत, तेथे नीतीचा प्रश्न आहेच.

आता त्या पहिल्या दिवसाविषयी. या प्रकारच्या खेळांची परंपरा तशी जुनी नाही. 'अल्टिमा ऑनलाइन' 1997 साली आणि 'एव्हरक्वेस्ट' 1999 साली आला. परंतु या खेळाला घराघरांत नेले ते 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीचा हा खेळ 23 नोव्हेंबर 2004 रोजी उत्तर अमेरिकेत विक्रीस आला. मध्यरात्री दुकाने उघडणार म्हणून लोक आधीपासून रांगा लावून उभे होते. पहिल्या चोवीस तासांत 2 लाख 40 हजारांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्याच खेळाचा पुढील भाग 16 जानेवारी 2007 रोजी आला, तेव्हा पहिल्या दिवसाचा आकडा सुमारे 24 लाखांवर गेला. डिसेंबर 2010 मधील भागाच्या वेळी तो 33 लाखांवर पोहोचला. 15 मे 2012 रोजी याच कंपनीचा 'डायब्लो 3' हा खेळ आला, तेव्हा लाखो लोकांनी एकाच वेळी दार ठोठावले आणि पुष्कळांच्या वाट्याला खेळाऐवजी 'एरर 37' एवढी सूचना आली. आज दुकानासमोरची रांग बव्हंशी नाहीशी झाली आहे; ती पडद्यावर आली आहे.

पहिल्या दिवसाची ही ओढ कशासाठी? भाच्याने ती मला समजावून सांगितली, आणि त्याचे म्हणणे मला अगदीच पोकळ वाटले नाही. अशा खेळात त्या दिवशी सारे समान असतात. प्रत्येक जण पहिल्या पायरीवर असतो. कोणाजवळ शस्त्र नसते, कोणाला वाट ठाऊक नसते. अनोळखी माणूस अनोळखी माणसाला विचारतो, "पूल कुठे आहे?" आणि दोघे मिळून शोधतात. महिन्याभरात सर्व नकाशे तयार होतात, सर्व युक्त्या लिहून निघतात, जुने व नवे असा भेद पडतो. एकत्र अजाण असण्याचा तो आनंद पुन्हा विकत मिळत नाही. "मामा, ते एक प्रकारचे उत्पत्तीचे पहिले पान असते," असे तो म्हणाला. उपमा धाडसाची होती, पण मी ती मनात जपून ठेवली.

परंतु त्या ओढीला दुसरीही बाजू आहे. मागे पडण्याची भीती. मित्र पुढे गेले आणि आपण राहिलो तर? आणि ही भीती विक्रेत्याला चांगली ठाऊक असते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चा 'द वॉर विदिन' हा भाग 26 ऑगस्ट 2024 रोजी सर्वांसाठी खुला झाला. परंतु ज्यांनी सर्वांत महाग आवृत्ती घेतली होती, त्यांना काही दिवस आधी प्रवेश होता. याचा अर्थ नीट पाहावा. ज्या दिवशी सारे समान असतात म्हणून तो दिवस हवाहवासा वाटतो, तोच दिवस मोल लावून विकला गेला आणि त्यातील समानता तेवढ्यापुरती नाहीशी झाली. बन्यनच्या कथेत व्यर्थतेचा एक बाजार आहे. तेथे मान, पदव्या, सुखे, सारे काही मांडलेले असते. आणि दोघे यात्रेकरू दुकानदारांना सांगतात की आम्ही फक्त सत्य विकत घेतो. त्या बाजारात 'पहिला दिवस' हाही माल मांडला जाईल, हे बन्यनला सुचले नसावे.

येथे मला माझ्या कामातील दोन शब्द आठवतात. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत 'नवा' यासाठी मुख्यतः दोन शब्द येतात. एक 'नेऑस', म्हणजे जे काळाने नवे, नुकतेच जन्मलेले, ताजे. दुसरा 'कैनॉस', म्हणजे जे गुणाने नवे, पूर्वी नव्हते असे. मत्तय 9:17 मध्ये हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात भेटतात. द्राक्षारसासाठी 'नेऑस' आणि बुधल्यांसाठी 'कैनॉस'. मराठीत आपल्याला दोन्हींसाठी 'नवा' हाच शब्द सर्वांत जवळचा, आणि भाषांतरकाराला तेथे थोडा वेळ थांबावेच लागते. हा भेद सर्वत्र काटेकोर पाळला गेला आहे असे मात्र मी म्हणणार नाही. नव्या मनुष्याविषयी लिहिताना इफिसकरांस पत्रात 'कैनॉस' आहे, तर कलस्सैकरांस पत्रात त्याच अर्थाने 'नेऑस' आहे. तरीही प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात सिंहासनावर बसलेला जेव्हा सर्व काही नवे करण्याचे वचन देतो, तेव्हा तेथे 'कैनॉस' हाच शब्द आहे.

आता विचार करा. बाजार आपल्याला जे विकतो ते 'नेऑस' आहे. त्याचे नवेपण पंचांगावर अवलंबून आहे आणि दुसऱ्या दिवशी ते एक दिवसाने जुने होते. म्हणूनच त्याला घाई असते, म्हणूनच रांग असते. जे गुणाने नवे आहे, त्याला घाई नसते. विलापगीतांच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमच्या राखेत बसलेला कवी म्हणतो की परमेश्वराची दया दररोज सकाळी नवी होते. तेथे कोणी पहिला नाही, कोणी उशिरा आलेला नाही, आणि आगाऊ पैसे भरण्याची सोय नाही.

हे लिहीत असताना मला स्वतःचीच लाज वाटली, ती कबूल केली पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी डोंगराळ भागातील एका लहान बोलीभाषेत आम्ही एका शुभवर्तमानाचे भाषांतर पुरे केले. छापील प्रती येण्याच्या दिवशी मी घरी आजारी आईला एकटे ठेवून पहाटेच्या गाडीने छापखान्यात गेलो. कारण एकच: पहिली प्रत माझ्या हाती यावी. ती आली. मी ती उघडली, आणि दुसऱ्याच पानावर मुद्रणदोष दिसला. त्या दिवसाची तेवढीच आठवण राहिली आहे. आईने दुपारी काय खाल्ले, हे मी परत आल्यावर विचारलेही नाही. त्यानंतर तीन-चार वर्षांनी एका पाड्यावर तेच पुस्तक, त्याच चुकीसह, मी एका वृद्धाला वाचून दाखविले. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "हे आमच्यात बोलते आहे." माझ्या पहिल्या प्रतीत जे नवेपण नव्हते, ते त्याच्या त्या जुन्या प्रतीत होते. तेव्हा खेळाच्या पहिल्या दिवसासाठी रजा घेणाऱ्या तरुणावर दगड उचलण्यापूर्वी आपण प्रत्येकाने आपापला पहिला दिवस आठवावा. कोणाचा तो नव्या मोटारीचा असेल, कोणाचा नव्या मंदिराच्या अर्पणविधीतील पहिल्या बाकाचा.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण जाणतो. पहाटे आलेल्यांना आणि संध्याकाळी पाच वाजता आलेल्यांना धनी एकच मजुरी देतो, आणि पहाटे आलेले कुरकुर करतात. आपण या दाखल्यातून कृपेचा धडा घेतो, आणि तो योग्यच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. धनी 'आधी येण्या'चे मोल नाकारतो. लवकर येण्यात दोष आहे असे तो म्हणत नाही. परंतु लवकर येण्यामुळे कोणाचा अधिकार वाढत नाही, एवढे तो स्पष्ट करतो. देवराज्यात रांग आहे, पण रांगेतील क्रमांकाला किंमत नाही.

येथे नॉर्वेतील एका तरुणाची सत्यकथा सांगितल्यावाचून राहवत नाही. मॅट्स स्टीन याचा जन्म 1989 चा. स्नायू क्षीण करीत नेणाऱ्या ड्यूशेन या आनुवंशिक आजाराने त्याला चाकांच्या खुर्चीशी बांधून ठेवले. तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळत असे आणि तेथे त्याचे नाव इबेलिन होते. आईवडिलांना वाटे, आपला मुलगा एकाकी आहे. त्याला ना मैत्री लाभली, ना कोणाच्या उपयोगी पडण्याचे समाधान. नोव्हेंबर 2014 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. वडिलांनी त्याच्या नोंदवहीवजा पानावर ही बातमी लिहिली आणि अनेक देशांतून पत्रे येऊ लागली. कोणाला त्याने खचलेल्या काळात धीर दिला होता, एका आईला तिच्या मुलाच्या जवळ जाण्याची वाट दाखविली होती. त्याच्या गिल्डमधील, म्हणजे खेळातील मंडळीमधील, काही जण दुसऱ्या देशांतून त्याच्या अंत्यविधीला आले. त्याच्या जीवनावरील माहितीपट 2024 साली प्रदर्शित झाला.

त्या पत्रांविषयी वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मॅट्स त्या जगात पहिल्या दिवशी आला होता की नंतर, हा प्रश्न कोणालाच महत्त्वाचा वाटला नाही. तो कोणत्या पायरीवर पोहोचला होता, हेही कोणी सांगत बसले नाही. तो येत राहिला, ऐकत राहिला, आणि कोणी दुःखात असेल तर थांबत राहिला, एवढेच त्यांना आठवत होते. ज्या खेळाच्या पहिल्या चोवीस तासांचे आकडे कंपन्या अभिमानाने जाहीर करतात, त्या खेळातील खरे धन पुढच्या असंख्य साध्या, विनागर्दीच्या दिवसांत साठले होते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की हे खेळ निर्धोक आहेत. ज्याला आवरता येत नाही, जेवण-झोप-नोकरी-घर या सर्वांवर ज्याची कुरघोडी होते, अशा खेळण्याला जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली मान्य केलेल्या रोगसूचीत विकार म्हणून स्थान दिले आहे. प्रेषित पौल करिंथकरांस लिहितो की सर्व गोष्टींची मोकळीक असली तरी मी कशाच्याही अधीन होणार नाही. मोकळीक आणि अधीनता यांतील सीमारेषा प्रत्येकाने आपल्या ठायी ओळखावयाची आहे, आणि ती ओळखण्यास घरातील माणसांचे डोळे पुष्कळदा आपल्या डोळ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

मग भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर काय? मी त्याला नंतर पत्र लिहिले. फोनवर अशा गोष्टी मला नीट सांगता येत नाहीत. त्याचा सारांश असा:

"चिरंजीव, तू मित्रांना दिलेला शब्द पाळावासा तुला वाटला, हे चांगलेच होते. त्यांच्यासह अजाण होण्याचा आनंद हवासा वाटला, तोही निर्मळ होता. रजा मागून तू तो दिवस घेतला असतास, तर मी दोष दिला नसता. परंतु एक कसोटी सांगतो. जी गोष्ट आपल्याला खुलेपणाने मागण्याची लाज वाटते, तिचे आपल्यावरील वजन आपण आधीच जाणलेले असते. तू रजेचे खरे कारण सांगितले नाहीस, कारण ते कोणी क्षुल्लक म्हणेल याची तुला भीती वाटली. आणि ज्याला तू स्वतः जगापुढे क्षुल्लक मानलेस, त्यासाठी तू सत्य देऊन टाकलेस. चूक खेळात नव्हती आणि पहिल्या दिवसातही नव्हती. चूक त्या दिवसाच्या किमतीत होती. आणि ती किंमतही तू दिली नाहीस, ती त्या भगिनीने दिली. तिच्या मुलाने त्या रात्री आईची वाट पाहिली. ज्याची किंमत दुसऱ्याने, त्याला न विचारता, चुकती करावी लागते, असा आनंद कितीही निर्मळ असला तरी आपला नसतो. तिच्याकडे जा."

आठ दिवसांनी त्याचे उत्तर आले. तो तिच्याकडे गेला होता. ती काय म्हणाली ते त्याने लिहिले आहे, पण ते त्या दोघांपुरते राहावे. त्यानंतरच्या एका शनिवारी तिला सुट्टी मिळावी म्हणून त्याने तिचे काम केले. चौघे मित्र अजूनही रविवारी रात्री त्या जगात भेटतात. आता तेथे गर्दी नाही, रांगही नाही. "मामा, आता ते नवे राहिलेले नाही," असे त्याने शेवटी लिहिले आहे, "पण आता आम्ही जास्त बोलतो."

वाचकहो, आपणापुढेही उद्या कोणता तरी पहिला दिवस उभा राहील. त्याकडे जाण्यास माझी हरकत नाही. जाण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे, की आपल्या जागी कोण थांबले आहे.